पातळ कडी

हेमांगीने डबीतून जाड कडी निवडली आणि पकडीने पिळून उघडली. इतकी वर्षं ती मण्यांच्या माळा गुंफून विकत होती. तिच्या हातची कडी कधी सुटली नव्हती.

ही माळ मात्र आईने केलेली, लेकीच्या बारशाला हेमांगीला दिलेली. सगळ्या कड्या भक्कम, मागे आकड्याजवळची तेवढी पातळ. सारखी निसटायची. "बदलू का?" विचारलं, की आई चष्मा कपाळावर सरकवून म्हणायची, "राहू दे गं तशीच." का, ते हेमांगीने कधी विचारलं नाही. आईचा हात थकला, असं समजून तिने माळ कपाटात टाकली.

आईला जाऊन बारा वर्षं झाली. आता तीच माळ लेकीला हवी होती. "आधी घालून तर बघते," म्हणत लेकीने ती गळ्यात घातली. मांडीवरच्या सहा महिन्यांच्या नातीने मूठ भरून माळ धरली आणि जोरात हिसडा दिला.

मागची कडी अलगद उघडली. माळ अख्खीच्या अख्खी नातीच्या मुठीत आली. लेकीच्या मानेवर साधा ओरखडाही नव्हता.

"बघ, निसटली! बदल आता," लेक हसली.

हेमांगीने जाड कडी डबीत परत टाकली.

"राहू दे गं तशीच," ती म्हणाली, आणि आवाज थेट आईचा निघाला.