पाठीतली शिवण

आईच्या हातात कातर. अंगणात ट्रॅकच्या नियमाप्रमाणे आरसे काढलेली मोटरसायकल. दिव्यांवर चिकटपट्टी. उद्या रेसिंग ट्रॅकवर मुलीचा पहिला दिवस आणि मैत्रिणीकडून आणलेल्या चामडी सूटमध्ये ती कुबड आल्यासारखी उभी. तीस वर्षं कपडे शिवणारी आई म्हणाली, “पाठ लांब आहे, झोळ पडतोय. उसवते.” “आई, नको! शिवण उसवलेली दिसली तर ट्रॅकवरच्या तपासणीतूनच घरी पाठवतील.” “मग घरीच बस. मला माप शिकवतेस?” कातरीचं टोक शिवणीला टेकलं. मुलगी निसटली, सूटसकट अंगणातल्या गाडीवर बसली आणि टाकीवर छाती टेकून वाकली. गाडी डुगडुगली. आईने धावत मागची सीट धरली. समोरच पाठ होती. एक सुरकुती नाही, ताण नाही. आईने शिवणीवरून बोट फिरवलं. “शिवणारा हुशार गं. वाकलेल्याचं माप घेतलंय.” “मग, उसवतेस?” “गप. हलू नकोस, बघू दे.” त्या दिवसापर्यंत आईने गाडीला हातही लावला नव्हता.