सात टाके

चिमा बाकावर टेकली, तशी शेजारची बाई पदर सावरत उठली आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिली. पलीकडच्या माणसाने नाकाला रुमाल लावला. चिमाने बाक सोडलं आणि ती खाली फरशीवर बसली. कापलेला डावा तळहात तिने फडक्यात गुंडाळून छातीशी धरला होता.

गडब गावच्या शेतात भात कापताना विळा लागला होता. भळाभळा रक्त गेलं, तरी ती कळवळली नव्हती. मिनीडोर रिक्षातून पेणला येताना तर ती लेकीला, दर्शनाला, राहिलेले भारे कुठे रचायचे ते सांगत होती. आता या दवाखान्यात हात ठणकू लागला. ठणका कोपरापर्यंत चढला, मग काखेत आला.

"आये, घाम का फुटलाय तुला?"

"दुखतंय गो."

"मघाशी तर नाय म्हनालीस."

"मघाशी नव्हतं."

आतून पुकारा झाला. ड्रेसिंग करणाऱ्या प्रवीणने केसपेपर वाचला. चिमाकडे न बघता दर्शनाला विचारलं, "कातकरी का?"

"व्हय."

त्याने हातमोजे घातले. मग त्यांच्यावर आणखी एक जोड चढवला. नर्स ऋतुजा भुलीचं इंजेक्शन भरत होती.

"ते कशाला वाया घालवता, सिस्टर?" तो म्हणाला. "या लोकांना काय होत नाय. रानात अनवाणी फिरतात." त्याच्या आवाजात राग नव्हता. नवीन माणसाला कामाची माहिती द्यावी तसा तो बोलत होता.

त्याने हात पुढे केला. त्याची बोटं अजून वीतभर लांब होती, तोच चिमा किंचाळली. तिच्याखालचं स्टूल मागे कलंडलं, दर्शनाने तिला सावरलं.

"अजून हातसुद्धा लावला नाय मी. बघा नाटकं."

ओरडलं तर नाटक, गप्प बसलं तर हिला काही होत नाही. काय केलं म्हणजे हा माणूस लांब राहील, ते चिमाला समजेना.

"टाके मी घालते," ऋतुजा म्हणाली. "तुम्ही बाहेरचे पेशंट बघा."

तो खांदे उडवून गेला. ऋतुजाने स्टूल उचलून नीट मांडलं, चिमाला बसवलं आणि तिचा हात आपल्या मांडीवर घेतला.

"मावशी, नाव काय तुमचं?"

"चिमा."

"चिमामावशी, आता एकदा सुई लागेल. मग हात बधिर होईल. शेतावर कोण कोण होतं आज?"

चिमा सांगत राहिली. दीर होता, दोघी जावा होत्या, ही दर्शना होती. सांगता सांगता थांबून तिने विचारलं, "टाकं कवा घालनार?"

"झाले. सात घातले."

दर्शनाला हसू आलं. ऋतुजाने पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. "आठ दिवसांनी काढायला या."

"तू असशील ना, बाय?"

"माझी ड्युटी सोमवारपासून नागोठण्याला आहे. प्रवीणदादा काढतील. काढताना दुखत नाही."

दाराबाहेर प्रवीण पुढच्या माणसाचं नाव पुकारत होता. चिमाचा चेहरा उतरला. तिने पट्टी बांधलेला हात पोटाशी घेतला आणि ती त्याच्यावर वाकली.

"दुखतंय."

"इतक्यात नाही दुखायचं, मावशी. भूल आहे अजून." ऋतुजाने पट्टीच्या कडेला बोट दाबलं. "इथं कळतंय?"

"नाय."

तिने जरा जोरात दाबलं. "आता?"

"नाय."

"मग दुखतंय कुठं?"

चिमाने उजवा हात पट्टीवर ठेवला. तिथून तो कोपरावर नेला, मग खांद्यावर, मग गळ्यापाशी. दाराकडे बघत ती दाखवत राहिली. हात एका जागी थांबतच नव्हता.