उलटं रीळ

लोक हसत होते आणि प्रोजेक्टरमागे उभा सहदेव चिडत होता.

मुलुंडच्या चाळीपुढे चादर बांधलेली. चादरीवर दत्ताराम, पोटाला उशी बांधून कारखान्याचा मालक झालेला. त्याच्यापुढे तबेल्यातली म्हैस. म्हैस म्हणजे कारखाना. मालक दूध काढतो आणि मागच्या दाराने भावाच्या घरी पोचवतो. वैरण टाकत नाही. म्हैस आडवी झाली की सरकारपुढे गळा काढतो, आजारी पडली हो! आणि राबणाऱ्या गड्यांना सांगतो, औषधासाठी तुमचा पगार सोडा.

खरा मालक हेच म्हणाला होता. थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, सगळं सोडलं, असा कागद. उद्या सकाळी गेटवर सह्या. कामगारांना कारखान्याचा ताळेबंद समजावून समजावून सहदेवचा घसा बसला होता. लोक जांभया द्यायचे. म्हणून हा मुका सिनेमा काढला. आता जांभया नव्हत्या. दत्तारामची ढेरी हलली की शिट्ट्या पडत होत्या.

रीळ संपलं. सहदेव शेजारच्या खंडूकडे वळला. "काका, उद्या?"

"सही करायची, दुसरं काय?" खंडू हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसत म्हणाला. "पण मजा आणलीस हां. झकास!"

दत्ताराम जवळ येऊन पुटपुटला, "लोक हसले रे. समाजला कोणाक?"

तेवढ्यात ओरडा सुरू झाला, "उलटी लाव! उलटी लाव!" रीळ परत गुंडाळताना दिवा चालू ठेवायचा आणि सिनेमा उलटा बघायचा, चाळीत हा फुकटचा दुसरा खेळ ठरलेलाच. सहदेवने रागाने खटका दाबला. हसा, मेल्यांनो.

पडलेली म्हैस उठून उभी राहिली. मालक उलट्या पावलांनी भावाच्या घरातून बाहेर आला, हातात भरलेली बादली. म्हशीखाली बसला. बादलीतलं दूध धारेधारेने वर चढलं, सडांत शिरलं.

आधी हशा पिकला. मग तो विरत गेला.

"थांबव," खंडू म्हणाला.

रीळ थांबवलं की दिव्याच्या आचेने फिल्म जळते. आणि दुसरी कॉपी नव्हती.

"काका, जळेल ती."

"थांबव म्हणतो ना! बघू दे नीट."

सहदेवने थांबवलं. म्हशीची कास टम्म. मालकाची बादली रिकामी. मग त्याच्या उशीच्या पोटावर तपकिरी डाग उमटला आणि पसरायला लागला.

"सहदेवा, जळता रे!" दत्ताराम ओरडला.

"जळू दे," खंडू म्हणाला. "दूध तर भावाकडे गेलं. मग पगार आपण का सोडायचा?"

कोणीही हसत नव्हतं.