बागेत प्लास्टिक नको

"सगळं साफ केलं," लेकीच्या हातात चहाचा कप देत दिलमाया म्हणाली. "तुझे गुलाबसुद्धा."

बिनीताने कप कठड्यावर ठेवला आणि आई सांभाळत असलेल्या साहेबांच्या बंगल्याच्या मागे धावली.

पाण्याच्या टाकीच्या आडोशाला तिची रोपं उभी होती. आठवड्यापूर्वी रानटी गुलाबाच्या प्रत्येक खुंटाला चीर देऊन तिने त्यात चांगल्या गुलाबाचा डोळा, म्हणजे फुटायच्या बेतातला कोंब, बसवला होता आणि वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली होती. आता एकावरही पट्टी नव्हती. चिरा उघड्या पडल्या होत्या.

मळवलीच्या शाळेत दप्तराविना शनिवार सुरू झाला तेव्हा पॉलिहाउसवाले गोरखमामा कलमं शिकवायला आले होते. ज्यांचे डोळे जगतील त्यांना मे महिन्यात पॉलिहाउसवर शिकायला घेणार, असं ते म्हणाले होते. दहावीनंतर तळेगावला शेतीच्या अभ्यासाला पाठवायचं शाळेतल्या शुभदाबाई बघणार होत्या. मामा शाळेत येण्याआधी, मोठेपणी काय करणार असं कुणी विचारलं, की बिनीता सांगायची, "बंगला सांभाळणार." तिला दुसरं काही सुचायचंच नाही.

झाडू हातात घेऊन दिलमाया मागोमाग आली.

"रात्री साहेबांचा फोन आला. आज पाहुणे आणतायत. बागेत प्लास्टिक दिसता कामा नये म्हणाले. उजाडताच मी नखाने एकेक सोडवली. रोपाला धक्का लागू दिला नाही."

घरात मायलेकी नेपाळीतच बोलत. पण बिनीताच्या तोंडून निघालं ते मराठी.

"तुला काय कळतं का गं? सोमवारी मामा बघाय येनार. काय दावू मी त्यांना? समदं मारलंस तू!"

दिलमायाच्या हातातला झाडू खाली आला. हे मराठी तिने शेजारच्या झुंबरबाईबरोबर भात लावताना रोज ऐकलं होतं, त्यात हसणंच जास्त असायचं. लेकीने ते तिच्याशी कधी वापरलं नव्हतं.

"पट्ट्या कुटंयत?"

"घंटागाडीत. गेली गाडी."

बिनीता मातीत बसली आणि एकेक रोप जवळ ओढून बघू लागली. काही डोळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. काहींचं सांगता येत नव्हतं.

दिलमाया आत गेली. पाहुण्यांसाठी आणलेल्या दुधाच्या पिशव्या तिने पातेल्यात रिकाम्या केल्या, धुतल्या, पुसल्या, विळीवर धरून त्यांच्या लांब पट्ट्या काढल्या. त्या ओच्यात घेऊन ती टाकीमागे आली आणि लेकीसमोर उकिडवी बसली.

"कसं बांदायचं? दाव," ती मराठीत म्हणाली.

बिनीताने डोळे पुसले. पट्टीचं टोक तिने आईच्या अंगठ्याखाली दिलं. "खालून वर. घट्ट. डोळ्याचं टोक मोकळं ठेव. मामा म्हनत्यात, जखमेवानी असतंय. जुळंपातूर उघडायचं न्हाई."

शेवटचं रोप बांधून होतंय तोच फाटकाशी हॉर्न वाजला.

साहेब पाहुण्यांना बाग दाखवत मागे आले. हिरवळ दाखवली, पोहायचा तलाव दाखवला, आणि टाकीजवळ थांबले.

"दिलमाया, हे काय? रात्रीच सांगितलं ना मी? दुधाच्या पिशव्या बांधल्यात झाडांना!"

पाहुण्यांपैकी कुणीतरी हसलं. साहेबांनी वाकून पहिल्याच रोपाच्या पट्टीचं टोक चिमटीत धरलं. बिनीता आईकडे बघत राहिली.

या बंगल्यात आल्यापासून दिलमाया साहेबांना "जी साहेब" याखेरीज काही बोलली नव्हती. ती पुढे झाली आणि पट्टीभोवती तिने मूठ आवळली. साहेबांची बोटं तिच्या मुठीला लागून थांबली.

"उघडायचं न्हाई," ती म्हणाली.