कण्हेरीची मुळी
धुळ्याच्या कॉलेजातला शिपाई पुना प्रयोगासाठी दरसाल परसातल्या कण्हेरीची मुळी खणून न्यायचा. प्रयोग मात्र त्याने आजच पाहिला. फळीवर टाचलेल्या बेडकाचं उघडं हृदय धडधडत होतं आणि त्याला अडकवलेली काडी काजळी धरलेल्या कागदावर लाटा काढत होती. सरांनी मुळीचा अर्क थेंबाथेंबाने सोडला. लाटा आखडत गेल्या. शेवटी सरळ रेघ उरली. पुनाला लेक आठवली. सासरचा जाच सोसवेना म्हणून ती माहेरी आली होती, आणि आज तिला परत धाडायचं त्यानेच व्याह्यांना कबूल केलं होतं. तो धावतच घरी आला. दारात व्याह्यांचा छकडा उभा होता. परसात, सकाळी त्याने मुळी खणलेल्या कण्हेरीच्या दुसऱ्या अंगालाही माती ताजी उकरलेली होती. लेक ट्रंकेवर मूठ आवळून बसली होती. त्याने हात पसरला. “दे, पोरी.” “माले धाडू नका, आबा. मंग मी देस.”