खडखडाट थांबल्यावर

हाताच्या टेकूवरचा दिवा हिरव्याचा पिवळा झाला, मग लाल. भुयारी मेट्रोतली नवी आसनं प्रवाशाची नाडी पाहत आणि तो अस्वस्थ असेल तर त्याच्याभोवतीचा खडखडाट पुसून टाकत. रेवतीला आता चाकांचा आवाजही येत नव्हता, तरी दिवा लालच होता.

"एवढी शांतता, तरी बाईसाहेबांना त्रास!" तिचा नवरा शिरीष हसला. "यंत्रानंही हात टेकले तुझ्यापुढे."

फोन आला म्हणून तो दाराशी गेला. दिवा हिरवा झाला. तो परत येऊन बसला आणि दिवा पुन्हा लाल झाला.

इतकी वर्षं छातीतली ही धडधड ती गाडीच्या आवाजाच्या माथी मारत आली होती. तिनं लाल दिव्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"शिरीष, मी घरी येत नाहीये," ती म्हणाली. "आज नाही आणि यापुढेही नाही."