गंज आणि काजळी

"दोन माणसं," साहेब म्हणाले. "अख्ख्या खेळात दोन माणसं उरलीत."

"मग कमी काय पडलं? भांडायला दोनच लागतात," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. तराजूच्या काट्यावरून कचेरीत तिला सगळे काटेवाली म्हणत. या ऑनलाइन खेळाचा तोल सांभाळणं हे तिचं काम. खेळात शिरताना प्रत्येकाला शंभर गुण मिळत. ते अंगबळात घालून तलवार उचलायची की मंत्रबळात घालून आग फेकायची, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मैदानात समोरासमोर आल्यावर कुणालाही आपण आधीच हरलोय असं वाटू नये, म्हणून ती नऊ वर्षं आकडे खालीवर करत होती. जादू जड झाली की तलवारवाले शिव्या घालत, तलवार जड झाली की मंत्रवाले. दोन्हीकडून शिव्या सारख्याच यायला लागल्या की तोल जमला, असं ती खुशाल समजायची.

आता शिव्या घालायलाही कुणी उरलं नव्हतं. नवे खेळ आले, लोक तिकडे पळाले. राहिले दोघे. तलवारवाला गंज आणि मंत्रवाला काजळी. ही त्यांची खेळातली नावं. खरी नावं कचेरीतही कुणाला दिसत नसत. रोज दुपारी चारला दोघे मैदानात उतरत, तीन डाव लढत आणि एक शब्द न बोलता निघून जात.

"वरच्यांना शुक्रवारी कागद हवाय," साहेब म्हणाले. "निदान दोघं बाहेरचे लोक खेळतात, असं तुम्ही आणि मी सहीनिशी लिहून द्यायचं. कचेरीतली माणसं धरायची नाहीत. नाहीतर सर्व्हर बंद."

"मग द्या की लिहून. त्यात काय?"

"मला पटत नाही. बंद झालेला बरा."

तिचं डोकं तापलं. या माणसानं खेळावर कधी जीव लावलाच नाही, असं तिचं ठाम मत होतं. चार वाजले की आत जाऊन दार लावून घेणार आणि वरच्यांशी फोनवर बोलत बसणार. खाली मैदानात काय चाललंय याची त्याला काय पडलीय?

"हे बघा," तिनं आकडे पुढे सरकवले. "दोन वर्षांत जवळजवळ दीड हजार डाव. अर्धे गंजनं जिंकले, अर्धे काजळीनं. इतका नेमका तोल कुठल्या खेळात आहे, दाखवा मला."

साहेबांनी आकडे पाहिले आणि नजर वळवली. "तरी गंजची तक्रार असतेच ना?"

तक्रार होती खरी, आणि तीही उफराटी. गंज दर सोमवारी लिहायचा, 'जादू कमी पडतेय, वाढवा.' स्वतः तलवारवाला, आणि ताकद मागायचा समोरच्यासाठी! काटेवालीला हा शुद्ध माज वाटे. ती जादू वाढवत नसे, उलट गुपचूप थोडी कमीच करी. सारखा हरणारा माणूस एक दिवस येईनासा होतो आणि गंज गेला की सगळंच संपलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण जादू कितीही उतरवली तरी निकाल मेला निम्म्यावरच राही. याचं कोडं तिला सुटलं नव्हतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत बहिणीचा फोन आला.

"दोन अनोळखी माणसांसाठी नोकरीवर पाणी सोडतेस? कोण लागतात गं ते तुझे?"

"त्यातला एक कोण आहे ते मलाही माहीत नाही, ताई. पण तो रोज येतो. ऊन असो, पाऊस असो, येतोच. अशा माणसाच्या तोंडावर दार लावायचं?"

"तू लहानपणापासून अशीच हट्टी."

"आहेच मी हट्टी."

शुक्रवारी पावणेचारला ती साहेबांच्या खोलीत शिरली आणि दोन कागद समोर ठेवले. एकावर 'दोन खेळाडू, दोघेही बाहेरचे' असं लिहून तिनं सही ठोकली होती. दुसरा राजीनामा होता.

"पहिल्यावर सही करा, नाहीतर दुसरा घ्या," ती म्हणाली. "मधलं काही चालणार नाही."

साहेबांनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"खोट्यावर सही कशी करू?" ते हळूच म्हणाले. "दोघे बाहेरचे नाहीत हो. गंज मी आहे."

ती समोरच्या खुर्चीत बसली.

"बंद करण्याआधी एकदा बघावं म्हणून शिरलो होतो. तिथे तो काजळी एकटाच उभा. समोर कुणी नाही, तरी उभा. मला वाईट वाटलं, म्हणून तीन डाव खेळलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मला तलवारीचं काय कौतुक? बिचाऱ्याला दुसरं कुणी नसावं. तो जिंकून खूश राहावा म्हणून मी हरायला बघतो, तर त्याला धड जिंकताही येत नाही. म्हणून तर लिहायचो, जादू वाढवा." साहेबांनी पहिला कागद तिच्याकडे परत सरकवला. "बाहेरचा तो एकटाच आहे. एकाचे दोन कसे करू?"

तिला आधी राग आला, मग हसू, मग काय आलं ते तिचं तिलाच कळेना. तिनं राजीनामा उचलून टराटरा फाडला आणि पेन साहेबांच्या हातात दिलं. घड्याळात चारला पाच मिनिटं कमी होती.

"सही करा, साहेब," ती म्हणाली. "आणि आज हरायला येऊ नका. काजळी होऊन मीही हरायला येणार नाही."